शांत झालेले पिंजरे

सोमवार, ४ मार्च

रोज संध्याकाळी बस डेपोत लावून दादा घरी आला की मी त्याला फोन करते आणि दिवसभरात ज्याच्या ज्याच्यावर डोकं फिरलं असेल त्याच्या तक्रारी सांगते. तो जेवता जेवता "हं, हं" करतो. लग्न करून मी दुसऱ्या कुणाचं डोकं खाल्लं नाही, त्यामुळे ही जबाबदारी कायम त्याच्याकडेच राहिली. आता तो इस्पितळात पडलाय, चार वाक्यं बोलला की दमतो, आणि फोन केला तर वहिनी उचलते, "झोपलेत" म्हणते आणि ठेवून देते. म्हणून आजपासून तक्रारी वहीत.

पहिली तक्रार दादाचीच. भर रस्त्यात बंद पडलेल्या बसमधून उतरून, वाकून, काय बघत होता हा? मागून टेम्पो आला आणि नडगीचे दोन तुकडे. रॉड घातला, टाके घातले, सगळं झकास म्हणाले, आणि मग पाय सुजत गेला तो गेलाच. हाडात जंतू शिरलेत. आज त्या जंतूंची तपासणी आली. कुठल्या औषधाने मरतात त्याची यादी, आणि प्रत्येक औषधापुढे "नाही". मी जनावरांची डॉक्टर आहे, माणसांची नव्हे. पण "नाही" वाचायला माणसांची डॉक्टर व्हावं लागत नाही.

दुसरी तक्रार गिनीपिगांची. नवीन खोली भरली आज. गवताची पिशवी नुसती हातात घेतली की तिच्या सळसळीवर सगळेच्या सगळे असे काही किंचाळतात की बोलणारा हातवारे करायला लागतो. खोली सांभाळणाऱ्या मावशींनी कानात कापसाचे बोळे घातलेत. "शाळा सुटल्यागत झालंय मेलं," म्हणाल्या.

गुरुवार, ७ मार्च

आज मी साहेबांकडे गेले आणि जे विचारायला नको ते विचारलं.

आमच्याकडे सध्या आहे ते औषध म्हणजे सात नंबर. त्याला अजून नाव नाही, बारसं पुढे कधीतरी. जंतू मारायचं नवं औषध, एकाही माणसाला अजून दिलेलं नाही. माणसाला द्यायच्या आधी ते शरीरात कुठे कुठे बाधतं ते जनावरांत बघायचं, हे आमचं काम. मूत्रपिंड, यकृत वरच्या मजल्यावरच्यांनी उंदरांत बघितलं, ठीक निघालं. कान माझ्याकडे आहेत. या घराण्यातली औषधं कानाच्या आतले बारीक केस मारतात, म्हणून गिनीपिगांचं ऐकणं तपासायचं.

तर सात नंबर काचेच्या बशीत नेमके दादाच्या पायात आहेत तसलेच जंतू मारतं. मी साहेबांना सरळ म्हटलं, "माझा भाऊ आहे."

साहेबांनी चष्मा पुसून परत घातला. मग म्हणाले, की शेवटचा उपाय म्हणून एखाद्या रुग्णापुरती परवानगी समिती देते. अर्ज त्याच्या डॉक्टरांनी करायचा. आणि आमचा सुरक्षिततेचा अहवाल समितीसमोर हवा. राहिलेला भाग म्हणजे कान.

"म्हणजे माझाच," मी म्हटलं. "मग हे काम मी करणं बरोबर आहे का? दुसऱ्या कुणाला द्या."

"दुसरं आहे कोण? आणि तुला कुठे माहितीये कुणाला काय टोचलं जातंय? पक्षपात करायचा म्हटलास तरी करता येणार नाही."

ते खरंच. पिंजऱ्यांना चार रंगांच्या पट्ट्या आहेत. एका रंगाला नुसतं मिठाचं पाणी, बाकी तिघांना कमी, मध्यम आणि जास्त औषध. कुठला रंग कशाचा हे फक्त औषधाच्या खोलीतल्या माणसाला ठाऊक, आणि तो इतका घुम्या आहे की त्याच्या बायकोला तरी त्याचं नाव माहीत असेल की नाही शंका आहे. तेव्हा माझी सदसद्विवेकबुद्धी साफ आहे.

मंगळवार, १२ मार्च

इस्पितळात भेटायची वेळ चार ते पाच. आमची चाचणी संपते साडेचारला. हे कुणी ठरवलं असेल त्याचं भलं होवो.

आज त्यात भर म्हणून तिवईचा पाय निखळला. चाचणी सोपी आहे. गिनीपिगला टेबलावरच्या छोट्या पिंजऱ्यात ठेवायचं, शेजारी वेगळ्या तिवईवर आवाजाचं खोकं, त्यातून "टक्" वाजवायचं. ऐकू आलं की त्याच्या कानाची पाळी लवते. लवली की बरोबरची खूण, नाही लवली की फुली. तिवईचा स्क्रू कुठे घरंगळला देव जाणे. भांडारात मागितला तर आठ दिवस लागतील म्हणे. स्क्रूला! खोकं उचललं आणि टेबलावरच पिंजऱ्याला खेटून ठेवलं. उलट जवळ असल्यामुळे काम भराभर झालं. चारला पाच मिनिटं असताना मी रिक्षात होते.

दादा जागा होता. "आलीस का टिल्ले," म्हणाला. पन्नाशीला टेकले तरी टिल्लीच. त्याच्या कपाळावर हात ठेवला तर चटका बसला. पण हसत होता. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने रात्रभर घोरून त्याला झोपू दिलं नाही म्हणे. "असा घोरतो, की मला स्वप्नात गिअर बदलावा लागतो."

वहिनी माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली. "वन्सं, चहा घेणार?" एवढंच. औषधाचं तिला अजून सांगितलेलं नाही. आशा लावून ठेवायची आणि मग काही झालं तर?

शनिवार, १६ मार्च

सगळे कान लवताहेत. चारही रंगांचे. आज दुसऱ्यांदा सगळ्यांची चाचणी केली, एकही फुली नाही. मी खोलीतच एक उडी मारली. या वयात आणि या वजनात.

मावशींना वाटलं मी त्यांच्यावर खूश आहे. त्याही गेले दोन-तीन दिवस फुशारल्यात, कारण जनावरं शांत झाली आहेत. "वळण लावलं मी," म्हणाल्या. "मारायचं नाही, ओरडायचं नाही, मायेने घ्यायचं. बघा आता, गवत आणलं तरी लाल आणि हिरवे कसे गप बसतात. पिवळे आणि निळे अजून वांड आहेत, पण त्यांनाही आणीन रस्त्यावर." कापसाचे बोळे काढून टाकलेत त्यांनी.

मी म्हटलं, मावशी, तुम्हाला आमच्या साहेबांच्या मुलांकडे पाठवायला हवं. हसल्या. खोलीत खरंच बरं वाटतं आता, शांतपणे काम होतं.

मंगळवार, १९ मार्च

दादाचा पाय पुन्हा उघडला. दुसऱ्यांदा साफ केलं. हाडांचे डॉक्टर बाहेर आले, मास्क खाली ओढला आणि वहिनीकडे न बघता माझ्याकडे बघून बोलले. मला हे आवडत नाही. नवरा तिचा आहे. पण त्यांना वाटतं मला कळतं.

रॉड काढावा लागला. सूज गुडघ्याच्या वर चढतेय. त्यांनी समितीकडे अर्ज केलाय. "तुमचा अहवाल चांगला आला तर हे औषध पोचेपर्यंत मी त्यांना धरून ठेवतो," म्हणाले. धरून ठेवतो! जसा काही दादा पतंग आहे.

मग वहिनीला सांगावंच लागलं. कॉरिडॉरमध्ये, बाकावर. मी समजावत होते की अजून नक्की नाही, परवानगी यायचीय, असं आहे, तसं आहे. तिने शेवटचं काही ऐकलंच नाही. तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून आमचं कशा ना कशावरून वाजतच आलंय. पहिल्यांदाच हात धरला.

"तुमच्याकडे आहे ना ते? तुमच्या हातात आहे ना?"

"माझ्या हातात फक्त कान आहेत, वहिनी."

तिला काही कळलं नाही. मला रडू आलं, तिला वाटलं आनंदाचं.

मंगळवार, २६ मार्च

अहवाल गेला. "ऐकण्यावर परिणाम आढळला नाही." स्वतःच्या हाताने सही केली. साहेब म्हणाले, व्यवस्थित काम आहे. समिती पुढच्या आठवड्यात बसेल, आणि आतून बातमी अशी की तिथे कुणाचा विरोध नाही.

दादाला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तुझ्या त्या उंदरांचं औषध मला?"

"गिनीपिग."

"पेन्शन त्यांना द्यायला हवं माझं." मग थोडा वेळ दम खाऊन, "टिल्ले, नीट बघितलंस ना सगळं?"

"तुझ्या बसपेक्षा नीट," मी म्हटलं. वहिनीसुद्धा हसली. कित्येक दिवसांनी आम्ही तिघं एकत्र हसलो.

मंगळवार, २ एप्रिल

अक्षर कसंही येतंय.

आज आगीची रंगीत तालीम होती. सकाळी सूचना लावली होती म्हणे, मी वाचली नाही. मी गिनीपिगांच्या खोलीत होते, वजनं करत. एकदम भोंगा वाजला. भिंतीवरचा, वरचा, छताला लागून असतो तो. माझ्या हातातून फडकं पडलं. पिवळ्या आणि निळ्या पट्टीच्या पिंजऱ्यांत नुसता हलकल्लोळ. एकमेकांच्या अंगावर उड्या, कोपऱ्यात ढीग, एक तर पाण्याच्या बाटलीवर आपटलं.

लाल आणि हिरवे गवत खात होते.

भोंगा वाजतोय आणि ते चघळताहेत. एकाने माझ्याकडे बघितलं, कारण मी हलले. बस्स.

बाहेर मावशी ओरडत होत्या, "चला, चला, बाहेर पडायचंय!" मी तिथेच उभी. मला सगळं एकदम कळलं. मला सगळं आधीच समोर दिसत होतं, हेही कळलं. "वळण लावलं मी." अगं बाई गं. मी त्यावर विनोद केला होता.

बुधवार, ३ एप्रिल

खोकं टेबलावरून काढलं. भिंतीशी स्टूल, स्टुलावर फोम, फोमवर खोकं. टेबलाला कुठे स्पर्श नाही. मग एकेक जनावर आणलं.

पिवळे: लवले. निळे: लवले. हिरवे: नाही. लाल: नाही. आवाज वाढवला. माझ्याच दाढा दुखायला लागल्या इतका वाढवला. नाही.

मग खोकं परत टेबलावर ठेवलं, आवाज अगदी बारीक केला आणि "टक्" वाजवलं. लाल पट्टीवाल्याचा कान लगेच लवला. टेबलाची थरथर त्यांच्या पायांना कळत होती. ती बिचारी पायांनी ऐकत होती आणि मी बरोबरच्या खुणा करत होते.

वेगळी तिवई कशासाठी असते ते मीच नव्या मुलींना शिकवते. थरथर पोचू नये म्हणून. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की ते माझ्या तोंडून झोपेतही निघेल. आणि त्या दिवशी मला वाटलं, जवळ आहे तर बरंच. मला चार वाजता पोचायचं होतं.

अहवाल गेलाय. समिती शुक्रवारी बसतेय. मी एक शब्द बोलले नाही तर दादाला औषध मिळतं. हे मी इथे लिहून ठेवतेय, कारण दिवसभर दुसरं काही डोक्यात नव्हतं. औषध मिळेल, दादा जगेल, बहिरा होईल, कुणी म्हणेल तापामुळे झालं. आणि मग त्याच अहवालावर पुढच्या चाचणीसाठी धडधाकट माणसांना रांगेत बसवून टोचतील. कुणाच्या तरी मुली, कुणाचे तरी दादा, ज्यांना काहीही झालेलं नाही.

नाही. मला ते जमणार नाही. पण आधी दादाला विचारणार.

गुरुवार, ४ एप्रिल

आज ताप जरा कमी होता. वहिनी उशाशी मोसंबं सोलत होती. मी सगळं सांगितलं. तिवई, टेबल, भोंगा, सगळं. आणि म्हटलं, "दादा, ते घेतलंस तर बहुतेक ऐकू येणं जाईल. कायमचं."

दादाने डोळे मिटले. मला वाटलं झोपला.

"गाडी चालवता येणार नाही मग," म्हणाला.

"नाही."

"हॉर्न कशाला लागतो, टेम्पो तर तसाही न वाजवताच आला." मग वहिनीकडे मान वळवली. "हिचं बोलणं तसंही पाठ आहे मला. ओठ हलले की कळेल कुठलं वाक्य आहे."

वहिनीने सोललेलं मोसंबं ताटलीत आदळलं. "थट्टा सुचतेय! चालेल, वन्सं. बहिरे चालतील, आंधळे चालतील, घरात बसून राहिले तरी चालतील. कुठे सही करायची ते सांगा."

दादाने कागद मागितला. मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलं, की मला कान गेले तरी चालेल, माझ्या बहिणीने सगळं समजावलंय. सही करताना हात घसरला, पण सही झाली.

मी कागद घेऊन बाहेर पडले तेव्हा मला हलकं वाटत होतं. खरं सांगितलंय, त्याची संमती आहे, आता अडणार कशाला? उद्या समिती बसायच्या आत साहेबांना दोन्ही देते, चूकही आणि कागदही.

शुक्रवार, ५ एप्रिल

साहेबांनी चूक ऐकली तेव्हा ते उभे होते, मग बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी रंगांचं पाकीट मागवलं आणि माझ्यासमोर उघडलं. पिवळा म्हणजे पाणी, निळा कमी, हिरवा मध्यम, लाल जास्त. माणसाला जेवढं लागेल ते हिरव्याच्या जवळपास. म्हणजे दादालाही तेवढंच.

मी दादाचा कागद पुढे केला. त्यांनी वाचला आणि घडी घालून माझ्याकडे परत दिला.

"हे कामाचं नाही गं."

"का? बहिरेपण त्याला चालतंय! मरण्यापेक्षा..."

"समितीलाही कदाचित चाललं असतं," साहेब म्हणाले. "तू पहिल्यांदाच लिहिलं असतंस ना, की या मात्रेला ऐकणं जातं, तर मरणाच्या दारातल्या माणसाला, त्याची संमती घेऊन, दिलंही असतं त्यांनी. दुसऱ्या औषधांना अशी परवानगी त्यांनी आधी दिलेली आहे. पण आता प्रश्न कानांचा राहिला नाही. अहवाल मागे घ्यावा लागेल. एक गोष्ट चुकीची निघाली की ते म्हणणार, बाकीच्या कशावरून बरोबर? उंदरांचं सगळं पुन्हा तपासणार. तोपर्यंत सात नंबर बंद."

"किती दिवस?"

"आठवडे नाही. महिने."

 म्हणजे औषध अडलं ते बहिरेपणाने नाही, माझ्या टेबलाने. मी त्या दिवशी खोक्यासाठी एखादं स्टूल शोधत थांबले असते, दादाला एक दिवस भेटले नसते, फुल्या तेव्हाच पडल्या असत्या, आणि आज कदाचित त्याच्या हातात सलाईनमधून सात नंबर जात असतं. मी दादाला भेटायला धावले म्हणून.

साहेबांनी समितीला फोन लावला. माझ्यासमोरच लावला. दोन वेळा "एक रुग्ण वाट बघतोय" म्हणाले. पलीकडून काय बोलत होते ते ऐकू येत नव्हतं, पण साहेबांची मान खाली खाली जात होती.

सोमवार, ८ एप्रिल

काल दादाचा पाय काढला, मांडीपासून. तरी जंतू रक्तात उतरलेत.

वहिनी आज इस्पितळातून थेट माझ्या कामाच्या ठिकाणी आली. फाटकावरच्या माणसाने आत सोडलं नाही, म्हणून मी बाहेर गेले. उन्हात उभी होती, पायात इस्पितळातल्या सपाता.

"बाटल्या तुमच्याच फ्रीजमध्ये आहेत ना? हे म्हणाले होते, किल्ली तुमच्याकडे असते."

"वहिनी..."

"एक पर्समध्ये घालून आणा. कोण बघतंय? डॉक्टरांच्या पाया पडते मी. नाहीच म्हणाले तर तुम्ही टोचा. जनावरांना टोचता ना रोज?"

मी तिला सांगितलं. की ते जनावरांसाठी कालवलेलं आहे, माणसाच्या शिरेत द्यायला लागतं तितकं स्वच्छ केलेलंच नाही, त्याच्या रक्तात आधीच जंतू आहेत, त्यात आणखी गेले तर तासाभरात जाईल तो. खरं होतं ते सगळं. अक्षरन् अक्षर. तिने पूर्ण ऐकून घेतलं.

"तुमच्याकडे ना, प्रत्येक गोष्टीला कारण असतं," म्हणाली आणि वळली.

मी आत आले, किल्ली काढली आणि फ्रीज उघडला. बाटल्या ओळीने उभ्या होत्या, त्यांच्यावर "बंद" अशी नवी चिठ्ठी लावलेली. एक हातात घेतली. थंड होती.  मागून मावशी म्हणाल्या, "बाई, फ्रीजचं दार लावा, गार हवा जातेय." मी बाटली जागेवर ठेवली.

गुरुवार, ११ एप्रिल

लाल आणि हिरव्या जनावरांना आज कायमचं झोपवायचं होतं, कानांच्या आतलं बघायला. माझं काम मीच केलं. मावशी खोलीबाहेर जाऊन बसल्या. "मी वळण लावलं, वळण लावलं करत होते," म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावला. मी म्हटलं, मावशी, तुमचं नाही चुकलं काही. मला त्यांच्याजवळ बसायचं होतं, पण काम होतं.

भाची, दादाची मुलगी, निघालीय, पण तिला विमान परवाचं मिळालंय. परवा रात्रीचं.

शनिवार, १३ एप्रिल

दुपारी गेले तेव्हा दादाचे डोळे अर्धवट उघडे होते, पण कशावर टिकत नव्हते. नळ्याच नळ्या. हाडांचे डॉक्टर आज आलेच नाहीत, दुसरेच कुणी आले आणि आकडे बघून गेले. कुणी काही सांगितलं नाही. मला सांगायची गरज नव्हती. मूत्रपिंडं थांबलीत, रक्तदाब औषधांवर लोंबकळतोय. संध्याकाळ, फार तर उद्या सकाळ.

वहिनी पलीकडच्या बाजूला बसून होती. त्या दिवसापासून माझ्याशी बोललेली नाही. नर्स सलाईन बदलत म्हणाली, "बोला ना त्यांच्याशी. ऐकू येतं त्यांना. आवाज झाला की नाडी बदलते, बघा."

वहिनीने तोंड उघडलं आणि तिला हुंदका आला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही बोला. रोज तुमचंच तर ऐकत होते."

मी वाकले. आयुष्यभर ज्याच्याशी बोलताना मला थांबायला सांगावं लागायचं, त्याच्याशी काय बोलायचं सुचेना. तक्रार करू? कुणाची करू? त्याच्या भुवया आखडलेल्या होत्या, उतारावर ब्रेक दाबताना असायच्या तशा. मला त्या सैल झालेल्या बघायच्या होत्या, एवढंच.

"दादा," मी म्हटलं, "औषध मिळालं रे. परवानगी आली. आज रात्री पहिला डोस. कान जातील, पण तू बरा होशील."

भुवया सुटल्या. खरंच सुटल्या. नर्सने यंत्राकडे बघून मान डोलावली.

आणि खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. वहिनी उभी होती. तिचा चेहरा इतका उजळला होता की मी तिला ओळखलं नाही. तिने खाटेवरून माझा हात ओढून घेतला, डोळ्यांना लावला, "वन्सं, मला माफ करा, मी काय काय बोलले तुम्हाला," म्हणाली, आणि फोन शोधत धावत बाहेर गेली.

मी तोंड उघडलं होतं. तिच्या मागे जायला हवं होतं. पण दादाची बोटं माझ्या हातात होती आणि तो शांत पडला होता. तिला खरं सांगायचं म्हटलं असतं तर ते त्याच्या देखत सांगावं लागलं असतं.

दार उघडंच राहिलं होतं. बाहेर ती भाचीला मोठमोठ्याने सांगत होती, की रडू नकोस, औषध मिळालं, आत्याने आणलं, बाबा बरे होणार. आवाज आत स्पष्ट येत होता. दादालाही येत असणार.